दोष कुणाचा, हे न विचारणारी शर्यत : आयरेसिंगचा तीन महिन्यांचा अनुभव

नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात डेटोना 500 या शर्यतीने पुन्हा सुरू होतो. मधले साडेतीन महिने कोल्हापुरात राहणाऱ्या माझ्यासारख्या चाहत्याला फार जड जातात, कारण रविवारी मध्यरात्री जागून शर्यत पाहायची आणि सोमवारी सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत पहिल्या पाळीला हजर व्हायचे, हा नेम वर्षभर अंगवळणी पडलेला असतो. यंदा या मोकळ्या काळात जुन्या शर्यती पुन्हा पाहत बसण्याऐवजी मी आयरेसिंग या संगणकावरील शर्यतींच्या सेवेची वर्गणी भरली. तीन महिन्यांच्या वापरानंतर तिच्याविषयी लिहितो आहे.

वर्गणी भरण्याचे कारण एक अपघात होता. 2 नोव्हेंबर 2025 रोजी फिनिक्सच्या अंतिम शर्यतीत डेनी हॅमलिनने 208 फेऱ्या आघाडीवर राहून काढल्या होत्या. साठ शर्यती जिंकूनही ज्याला तोवर एकदाही अजिंक्यपद मिळाले नव्हते, असा हा चालक त्या पदापासून अवघ्या तीन फेऱ्या दूर असताना विल्यम बायरनचा टायर फुटला, त्याची गाडी भिंतीला लागली आणि शर्यत मंदावणारा पिवळा झेंडा आला. हॅमलिनच्या चमूने चार टायर बदलले. काइल लार्सनच्या चमूने दोनच बदलून त्याला हॅमलिनच्या पुढे काढले, आणि त्या शर्यतीत एकही फेरी आघाडीवर न राहिलेला लार्सन अजिंक्यपदाच्या चार दावेदारांत सर्वांत पुढे राहून अजिंक्य ठरला. बायरन हा लार्सनचा संघसहकारी असल्यामुळे त्या रात्री आम्हा मित्रांच्या बोलण्यात त्याच्याविषयी बरेच कडवट उद्गार निघाले आणि त्यांत माझेही होते. अजिंक्यपदाच्या चार दावेदारांमध्ये बायरन स्वतःही होता आणि त्या फुटलेल्या टायरबरोबर त्याचीही संधी गेली, याचा विचार माझ्या मनात दोन दिवस आलाच नाही. तो आला तेव्हा या चालकाची माहिती मी नव्याने वाचली. बहुतेक चालक लहानपणी कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींपासून सुरुवात करतात, पण बायरन आधी आयरेसिंगवर शिकला, नंतर खऱ्या गाडीत बसला आणि पुढे 2024 व 2025 अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने डेटोना 500 जिंकली. ज्याच्यावर मी रागावलो होतो, त्याची शाळा कशी आहे ते पाहावे, या इच्छेने मी या सेवेकडे वळलो.

आयरेसिंग 2008 पासून चालू आहे. खऱ्या ट्रॅकची लेझरने मोजणी करून त्यांच्या पृष्ठभागावरचे चढउतार आणि सांधे संगणकात उतरवणे हा तिचा पाया आहे, आणि एखादे वळण ओळखीचे झाल्यावर त्यातला ठरावीक जागचा धक्का दर फेरीला हाताला जाणवतो तेव्हा या मेहनतीचे मोल कळते. मासिक वर्गणी साधारण 13 डॉलर आहे. वर्षाची एकदम भरल्यास ती बरीच स्वस्त पडते. मात्र वर्गणीत मोजक्याच गाड्या आणि ट्रॅक मिळतात. शार्लटचा ट्रॅक त्यात आहे, टॅलाडेगाचा नाही. उरलेली प्रत्येक गाडी साधारण 12 डॉलरला आणि प्रत्येक ट्रॅक 12 ते 15 डॉलरला वेगळा घ्यावा लागतो. रुपयांत हिशेब केला तर हा खर्च लहान नाही, आणि नव्या माणसाने पहिल्या महिन्यात काहीही विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्ट्रीट स्टॉक ही सुरुवातीची गाडी आणि सोबत मिळणारे ट्रॅक यांवरच शिकण्यासारखे इतके असते की तेवढा महिना पुरत नाही.

स्टिअरिंग आणि पेडल यांचा संच मात्र हवाच. मी मध्यम किमतीचा घेतला. तो जेवणाच्या टेबलाला आवळून चालत नाही, कारण जोरात वळवल्यावर टेबलच हलते आणि ब्रेक दाबला की चाकांची खुर्ची मागे सरकते. शेवटी शिवाजी उद्यमनगरातून चौकोनी पाइपचा स्टँड वेल्डिंग करून घेतला आणि त्यालाच जुन्या मोटारीची सीट बोल्टने बसवली. ज्या शहरात असे काम एका दिवसात आणि बेताच्या पैशांत होते, तिथल्या माणसाने यासाठी बाहेरून महागडा सांगाडा मागवण्याचे कारण नाही. वेगळा गिअर मी घेतला नाही, कारण नॅसकारच्या 2022 पासूनच्या नेक्स्ट जेन या गाडीत पाच गिअरचा सिक्वेन्शियल, म्हणजे क्रमानेच गिअर पडणारा गिअरबॉक्स असतो आणि स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांवर काम भागते.

आता या सेवेच्या मुख्य गुणाकडे येतो. प्रत्येक चालकाला नवशिक्याच्या परवान्यापासून सुरुवात करून डी, सी, बी, ए असे चढत जावे लागते आणि ही चढण जिंकण्यावर अवलंबून नसून सुरक्षितपणे चालवण्यावर अवलंबून असते. ट्रॅकच्या बाहेर गेल्यास दंडाचा एक गुण, ताबा सुटल्यास दोन आणि दुसऱ्या गाडीशी जोराची टक्कर झाल्यास चार गुण आपल्या नावावर चढतात. टक्कर कोणाच्या चुकीने झाली हे यंत्रणा पाहत नाही. धडक देणारा आणि धडक खाणारा, दोघांच्याही नावावर चारच. पहिल्या आठवड्यात मला हा सरळ अन्याय वाटला. मागून येऊन कुणीतरी आपल्याला भिंतीत घालावे आणि शिक्षा आपल्यालाही व्हावी, हे कोणत्या न्यायात बसते?

उत्तर मिळायला एक शर्यत पुरली. पिवळ्या झेंड्यानंतर शर्यत पुन्हा सुरू होताना मागच्या गाडीने मला ढकलले, मी आडवा झालो आणि माझ्याबरोबर आणखी पाच जणांच्या गाड्या मोडल्या. रीतसर तक्रार करण्याची सोय या सेवेत आहे आणि ती करण्यासाठी मी चित्रण पुन्हा उघडले. इथे चित्रण इतर गाड्यांच्या आतूनही पाहता येते, म्हणून मी त्या मागच्या चालकाच्या आसनावर जाऊन बसलो. तिथून दिसले ते असे की पुढची रांग थोडी थबकताच मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला होता. माझ्या मागे काही हातांवर असलेल्या त्या माणसाला माझ्या गाडीपलीकडचे काहीच दिसत नव्हते आणि थांबायला वेळही नव्हता. मी तक्रार पाठवली नाही. त्यानंतर शर्यतीत माझी नजर पुढच्या एका गाडीऐवजी तिच्या पुढच्या चौथ्या गाडीवर राहू लागली, आणि दोष कुणाचाही असो, टक्कर टळली की नाही एवढेच मोजणाऱ्या त्या नियमाचा हेतू मला पटला.

या अनुभवाने जुने अपघात मला वेगळे दिसू लागले. टॅलाडेगाचा ट्रॅक 2.66 मैलांचा, म्हणजे सव्वाचार किलोमीटरहून थोडा अधिक आहे आणि त्याची वळणे 33 अंशांनी तिरपी आहेत. तिथे गाड्या वळणावरही फारसा वेग कमी न करता एकमेकींना चिकटून धावतात आणि मागची गाडी पुढचीला बंपरने ढकलत नेते. हे ढकलणे मधोमध असेपर्यंत दोघांचाही फायदा होतो, पण ते वीतभर डावीकडे सरकले की पुढच्या गाडीचे तोंड उजवीकडे, भिंतीच्या दिशेने फिरते. स्टिअरिंग हातात धरल्यावर कळते की ती वीत चालकाच्या हातात पूर्णपणे नसते, कारण पुढचा आपली जागा राखायला सरकतो, मागचा त्याच्यामागे सरकतो आणि दोघांच्या सरकण्यात डोळ्याचे पाते लवण्याइतका फरक पडतो. 17 फेब्रुवारी 2020 रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत रायन ब्लेनीच्या गाडीचा असाच स्पर्श होऊन रायन न्यूमनची गाडी भिंतीवर गेली, उलटली आणि मागून आलेल्या कोरी लाजॉयची धडक तिच्या चालकाच्या बाजूला बसली. न्यूमन वाचला आणि दोन दिवसांनी आपल्या दोन मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला. ब्लेनीला मी तेव्हा उतावळा म्हटले होते. आता म्हणणार नाही.

स्टर्लिंग मार्लिनच्या बाबतीत तर माझी चूक आणखी मोठी होती. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोना 500 च्या शेवटच्या फेरीत मार्लिनच्या गाडीशी किंचित स्पर्श होऊन डेल अर्नहार्टची गाडी तिरप्या ट्रॅकवर वरच्या बाजूला सरकली, केन श्रेडरच्या गाडीला लागली आणि भिंतीवर आदळली. अर्नहार्टचा मृत्यू झाला, आणि मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. शर्यत जिंकणारा मायकेल वॉलट्रिप आणि अर्नहार्टचा मुलगा डेल ज्युनियर या दोघांनीच पुढे येऊन मार्लिनची बाजू घेतली, ही गोष्ट मी वाचली होती तरी तिचे वजन मला कळले नव्हते. त्या स्पर्शाचे चित्रण मी या हिवाळ्यात पुन्हा पाहिले आणि मला त्यात मागे हटायला जागा नसलेल्या दोन गाड्यांपलीकडे काही दिसले नाही.

फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाला या इतिहासाचा पुढचा भाग अधिक जवळचा वाटतो. अर्नहार्टची धडक पडद्यावर साधी दिसते, पण चौकशी अहवालानुसार त्या एका क्षणात गाडीचा वेग ताशी सुमारे 70 किलोमीटरने बदलला होता, आणि जीव गेला तो कवटीच्या तळाशी झालेल्या अस्थिभंगाने, जो शर्यतीत बहुधा पट्ट्यांनी धड धरून ठेवलेले असताना डोके पुढे फेकले गेल्याने होतो. डोके आणि मान धरून ठेवणारे हान्स हे साधन डॉ. रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी आधीच तयार केले होते, पण नॅसकारमध्ये अशी साधने ऑक्टोबर 2001 मध्येच सक्तीची झाली. मग 2002 मध्ये इंडियानापोलिसला काँक्रीटच्या भिंतीपुढे सेफर कठडा उभा राहिला. पोलादी चौकोनी नळ्या आणि त्यांच्या मागे फोमचे ठोकळे अशी त्याची सोपी रचना नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या नेतृत्वाखाली झाली. कास्टिंग जितके कडक तितके ठिसूळ, आणि जे वाकत नाही ते सगळा मार पुढे ढकलते, हे आमच्याकडच्या नव्या कामगारालाही पहिल्या वर्षात समजते. तरीही 2022 ची नवी गाडी मागच्या बाजूला इतकी ताठ झाली की त्याच वर्षी कर्ट बुश आणि ॲलेक्स बोमन यांना मेंदूला मार बसून शर्यतींबाहेर राहावे लागले आणि पुढच्या हंगामासाठी गाडीचा मागचा सांगाडा अधिक दबेल असा बदलावा लागला. बाहेरून गाडी फारशी मोडलेली दिसत नव्हती आणि म्हणूनच आतल्या माणसाला लागले होते. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला या खेळातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

आणि नेमके हेच आयरेसिंग देऊ शकत नाही. गाडीचे पत्रे वाकतात, तुकडे उडतात, स्टिअरिंग वाकडे होते, इंजिनाची ताकद घटते. मानेला काही होत नाही. कोल्हापुरातल्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर कार्ट चालवताना चार फेऱ्यांत मनगटे भरून येतात आणि बरगड्यांना सीटची कड लागते. तेवढी साधी शारीरिक जाणीवही स्टँडवरच्या सीटमध्ये नसते. भीती नसेल तर माणूस काय करतो याचे उदाहरण रॉस चॅस्टेनने 30 ऑक्टोबर 2022 रोजी मार्टिन्सव्हिलला दाखवले. लहानपणी खेळलेल्या व्हिडिओ गेममधली युक्ती आठवून त्याने शेवटच्या वळणांत गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली, वेग कमीच केला नाही आणि पाच गाड्यांना मागे टाकून अजिंक्यपदाच्या अंतिम चार दावेदारांत प्रवेश मिळवला. त्या चारांतून बाहेर पडला तो हॅमलिनच. नॅसकारने पुढच्या हंगामाआधी ही युक्ती बंद केली, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण पडद्यावर ज्या भिंतीची काहीच किंमत नसते तिच्या पलीकडे मार्टिन्सव्हिलला माणसे बसलेली असतात.

एक अडचण अंतराची आहे. दूरच्या सर्व्हरवर खेळताना दोन गाड्यांत थोडी फट दिसत असूनही टक्कर नोंदली जाण्याचा प्रकार कोणत्याही ऑनलाइन शर्यतीत होतो, म्हणून मी दुसऱ्याच्या बंपरपासून चार बोटे अधिकच अंतर ठेवतो. इंटरनेट मधेच तुटते अशा घरात ही वर्गणी घेऊ नये.

केवळ गाड्या उधळताना पाहण्याची हौस असणाऱ्याने इथे पैसे घालवू नयेत. त्याचा परवाना नवशिक्याच्या पायरीवरच अडकून राहील. ज्याला चालक काय करतो हे समजून घ्यायचे आहे आणि ज्याच्याकडे आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आहेत, त्याने अवश्य घ्यावी. मी सध्या सी परवान्यावर नॅसकारचा शर्यतीचा ट्रक चालवतो. कप, म्हणजे नॅसकारच्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या गाडीच्या अधिकृत मालिकेसाठी ए परवाना लागतो आणि तिथे पोहोचायला मला हे वर्ष जाईल, पण संगणकाने चालवलेल्या गाड्यांबरोबर कोणतीही शर्यत केव्हाही लावता येते. फिनिक्सचा ट्रॅक मी गेल्या आठवड्यात विकत घेतला आणि शेवटच्या दोन फेऱ्या चार नव्या टायरवर, मागच्या रांगेतून, दहा वेळा सुरू करून पाहिल्या. माझे कौशल्य हॅमलिनच्या पासंगालाही पुरत नाही हे मान्य करूनही सांगतो की एका मैलाच्या त्या ट्रॅकवर नवे टायर आपली पकड दाखवू लागतात तोवर शेवटची फेरी सुरू झाल्याचा पांढरा झेंडा पडलेला असतो, आणि दहापैकी एकाही वेळी मी दोन टायरवाल्या गाडीच्या बरोबरीला आलो नाही.