पडक्या घराची डागडुजी: मित्र की ठेकेदार?

वर्षानुवर्षं बंद पडलेलं घर उघडलं की पहिलं काम उपसण्याचं: सुटलेला गिलावा, वाळवीने पोखरलेल्या फळ्या, ढीगभर राडारोडा. इथे मित्रांना तोड नाही. ठेकेदाराची माणसं बहुधा सगळं सरसकट फोडून मोकळी होतात. मित्र जुनी खुंटी, दाराची कडी, शाबूत चौकट जपून बाजूला काढतात. भिंतीवर बोटाने टकटक करत जायचं आणि पोकळ आवाज येईल तेवढाच गिलावा उतरवायचा, एवढा धीर रोजंदारीच्या हिशोबात बसत नाही.

पण वायरिंग, छताच्या तुळया आणि भार पेलणाऱ्या भिंती यांना मित्रांनी हात लावू नये, हे मी ठामपणे सांगेन. तिथे जाणकार मिस्त्री आणि वायरमनच हवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस (फोडताना हवेत उडणारे, फुप्फुसांना घातक बारीक तंतू) असू शकतं. तेही स्वतः फोडू नका.

वेळेचं म्हणाल तर ठेकेदार तारीख देतो, मित्र सुट्टीच्या दिवशीच येतात. ओल धरलेल्या जुन्या भिंतीला मात्र हा संथपणा मानवतो. चुन्याचा गिलावा थराथराने, सावकाश वाळू द्यावा लागतो. घाईत वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते.