काडतुसांच्या पुंगळ्या धुणारा टंबलर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरी काडतुसं रिलोड करणारे, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरणारे, प्रेस (दाबयंत्र) आणि डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) यांवर तासन्‌तास बोलतात, पुंगळ्या धुण्याच्या यंत्राकडे मात्र चैन म्हणून बघतात. ते चूक आहे. इथे ज्याविषयी लिहिलंय तो ओल्या धुलाईचा टंबलर, म्हणजे पुंगळ्या गोल फिरवून धुणारा ड्रम आहे: आतून रबर लावलेला सात लिटरचा ड्रम, खाली दोन रोलर, पट्ट्यावर चालणारी मोटर आणि सोबत सव्वादोन किलो स्टेनलेस स्टीलच्या पिना. प्रत्येक पिन १.२ मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब. आठ महिन्यांत साठेक घाणे (खेपा) निघाले. रिलोडिंगला जिथे परवाना लागतो तिथे आधी परवाना, मग पुढचं सगळं.

पहिला मुद्दा चकाकीचा, कारण जाहिरातीत तीच दाखवतात. पुंगळी सोन्यासारखी चमकली म्हणून गोळी जास्त नेमकी लागत नाही. या यंत्राचा खरा फायदा दुसरीकडे आहे. प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) काजळीत शिसं असतं. अक्रोडाच्या सालीचा किंवा मक्याच्या कणसाचा भुसा घातलेल्या कोरड्या टंबलरमध्ये ते धुळीत मिसळतं आणि चाळताना नाकातोंडात जातं. ओल्या धुलाईत ते पाण्यातच राहतं. दुसरं म्हणजे पुंगळी आतून स्वच्छ होते, त्यामुळे आतल्या भिंतीची तपासणी नीट करता येते. तपासणीचा भाग पुढे येईलच.

प्रमाण पाळलं तर यंत्र चांगलं काम देतं. एका घाण्याला ९०० ग्रॅमच्या वर पितळ नको. म्हणजे काडतुसाच्या आकारानुसार नऊ एमएमच्या साधारण सव्वादोनशे, २२३ रेमिंग्टनच्या दीडशे किंवा ३०८ विंचेस्टरच्या ऐंशी पुंगळ्या. त्यावर सगळ्या पिना, झाकणाखाली दोन बोटं जागा राहील इतकं पाणी, एक मोठा चमचा भांडी घासायचं लिक्विड आणि चहाचा पाव चमचा सायट्रिक ॲसिड. काळेपणा ॲसिड काढतं. सुटलेली काजळी पाण्यात तरंगत ठेवायचं काम साबणाचं. साबण कमी पडला तर पाणी राखाडी होतं आणि तीच काजळी पुन्हा पितळावर बसते, पुंगळ्या मळकट दिसतात. ॲसिडचा हात सैल सुटला तर पितळ गुलाबी पडतं. काडतुसाच्या पितळात सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. ॲसिड पृष्ठभागावरचं जस्त आधी खातं आणि उरलेलं तांबं लालसर दिसतं. हलकी गुलाबी झाक वरवरची असते, पण ती दिसली की पुढच्या घाण्याला ॲसिड निम्मं करावं.

अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश किंवा क्लीनर या कामाला वापरू नये. यामागचा इतिहास भारतातलाच आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात साठवत, आणि पाऊस सरल्यावर पुंगळ्यांना चिरा पडलेल्या सापडत. कारण उलगडलं ते १९२१ साली: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पितळात उरलेला ताण. दोन्ही एकत्र आले की धातू तडकतो. पुंगळी आजही तशीच ओढून बनते, त्यामुळे धोकाही तोच आहे.

धुण्याआधी प्रायमर काढलेला हवा, नाहीतर पिना प्रायमरच्या खळग्यापर्यंत पोचत नाहीत आणि पाणी तिथे मुरून बसतं. त्यासाठी नुसता डीकॅपिंग डाय (फक्त प्रायमर काढणारा) वापरावा. मळकी पुंगळी सायझिंग डायमध्ये (पुंगळी दाबून मूळ मापात आणणाऱ्या) घातली की वाळूचा एखादा कण डायला चरा पाडतो, आणि तो चरा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. न फुटलेला प्रायमर असलेली पुंगळी किंवा भरलेलं काडतूस या ड्रममध्ये कधीही जाता कामा नये. पुंगळ्या आकारानुसार वेगळ्या करायच्या. मिसळल्या तर नऊ एमएमची पुंगळी तिच्याहून जाड ४० एस अँड डब्ल्यूच्या पोटात जाऊन बसते आणि दोन्ही अर्धवट धुतल्या जातात. एकदा चुंबकही फिरवून घ्यावा, कारण स्टीलच्या पुंगळ्या पाण्यात गंजतात. निकेलचा मुलामा असलेल्या वेगळ्या काढून कमी वेळ फिरवाव्यात, जास्त फिरवल्या की मुलामा सुटायला लागतो.

वेळेच्या बाबतीत सोबतचं माहितीपत्रक फार उदार आहे. चार तास अजिबात लागत नाहीत. नेहमीच्या मळाला एक तास, जमिनीवर पडून काळ्या पडलेल्यांना दोन. त्यापुढे पुंगळ्यांची तोंडं एकमेकांवर आपटून ठेचली जातात. नख तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर ओढलं की बारीक ओठासारखी कड लागते, ती या ठोकण्याची खूण. ड्रममध्ये माल किंवा पाणी कमी असेल तर हे लवकर होतं, कारण पुंगळ्या उंचावरून पडतात आणि मध्ये गादी राहत नाही. लांबी छाटणं आणि तोंडाची धार काढणं धुलाईनंतरच ठेवावं, म्हणजे ही कड त्याच कामात निघून जाते.

पिना वेगळ्या करणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. बादलीभर पाण्यात जाळीचा पिंजरा बुडवून फिरवला तर बहुतेक पिना खाली बसतात. कोरड्यात चाळल्या तर त्या पाण्याच्या चिकटीने आतच राहतात. तरीही २२३ च्या पुंगळ्यांवर विश्वास ठेवू नये. हिशेब सोपा आहे: पिन साडेसहा मिलिमीटर आणि मानेचा (गोळी बसते त्या अरुंद भागाचा) आतला व्यास साधारण ५.७, म्हणजे पिन आडवी होऊन मानेत अडकू शकते. फ्लॅश होल (प्रायमरची ठिणगी आत जाते ते बुडातलं छिद्र) सहसा दोन मिलिमीटरचं असतं, त्यातून एक पिन सुटते. काही पुंगळ्यांचं ते दीडच मिलिमीटर असतं, तिथे पिन अडकू शकते. प्रत्येक पुंगळी उलटी करून लाकडावर टिचकवायची आणि मग उजेडाकडे धरून आरपार बघायची. आत राहिलेली एक पिन बंदुकीच्या नळीचं नुकसान करू शकते, म्हणून या पायरीला सूट नाही.

वाळवणं घाईचं काम नाही. तीन वेळा स्वच्छ पाण्यात खळबळून, टॉवेलवर घोळवून, तोंड खाली करून चोवीस तास. घाई असेल तर ९० अंश सेल्सियसला पाऊण तास, तेही जेवण न शिजवणाऱ्या ओव्हनमध्ये. पितळ अडीचशे अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. बूड मऊ झालेली पुंगळी दाब झेलू शकत नाही, तेव्हा उष्णता वाढवून वेळ वाचवायचा मोह नको. बाटलीसारख्या आकाराच्या पुंगळ्यांच्या खांद्यात (मानेखालच्या उतारात) पाण्याचा थेंब लपून राहतो. धुण्याआधी दोन पुंगळ्यांवर खूण करून वजन टिपून ठेवावं आणि वाळल्यावर पुन्हा तोलावं. एक थेंब म्हणजे सुमारे ०.०५ ग्रॅम, चांगल्या काट्यावर तो लगेच दिसतो. पाणी जड असेल तर डाग पडतात, ते फक्त दिसण्यापुरते.

आता तपासणी. बुडापासून थोडं वर बाहेरच्या बाजूला उमटणारी उजळ आडवी कडी हे पुंगळी तिथून तुटायला निघाल्याचं लक्षण. ती मळक्या पुंगळीवर स्पष्ट दिसते आणि चकचकीत पितळात हरवते, म्हणून बाहेरून नजर धुण्याआधीच टाकायची. आतली तपासणी मात्र धुतल्यावर. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून वर ओढली आणि कुठे खाचेत अडखळली, तर ती पुंगळी बाद. काजळी असताना ही खाच तारेला नीट लागत नाही. या एका कारणासाठी यंत्र घ्यावं असं ठाम मत आहे.

जास्त स्वच्छतेचा एक तोटाही आहे. मानेतली काजळी कोरड्या वंगणासारखी काम करत असते. ती गेली की गोळी बसवताना हाताला घर्षण जाणवतं, आणि प्रत्येक पुंगळीला लागणारा जोर वेगळा पडतो. मानेचं तोंड कोरड्या ग्रॅफाइटमध्ये नुसतं टेकवून घेतलं की फरक कळतो.

यंत्रातल्या उणिवा दोन. झाकणाच्या वायसरखाली एक पिन आली तरी गळती होते, म्हणून झाकण लावण्याआधी कडेवरून बोट फिरवायचं. आणि साबणाचं पाणी रोलरवर सांडलं की ड्रम जागच्या जागी घसरतो, मोटर तापते आणि पट्टा सैल पडतो. रोलर कोरडे पुसून पट्टा ताणला की सुरळीत चालतो. पाचव्या महिन्यात पट्टा बदलावा लागला. पिना अजून तशाच आहेत. घाण्यानंतरचं काळं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये, त्यात शिसं असतं. ते घातक कचऱ्याच्या स्थानिक नियमांप्रमाणे द्यावं. हाताला नायट्राइलचे मोजे हवेत, आणि पिना चाळायची बादली दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नये.