एसटी आगारातील ‘प्रवासी राजा दिन’: वेळापत्रकाविषयी गावाचे म्हणणे किती पोहोचते?

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने १५ जुलै २०२४ पासून ‘प्रवासी राजा दिन’ हा उपक्रम सुरू केला. विभाग नियंत्रकाने दर सोमवारी आणि शुक्रवारी आपल्या विभागातील एखाद्या आगारात जाऊन बसायचे, सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत प्रवासी, प्रवासी संघटना, शाळा आणि महाविद्यालये यांच्या तक्रारी व सूचना लेखी स्वरूपात घ्यायच्या आणि दुपारी तीन ते पाच या वेळेत चालक, वाहक व इतर कर्मचाऱ्यांचे प्रश्न ऐकायचे, असे त्याचे स्वरूप ठरवले गेले. एरवी विभाग नियंत्रकाला भेटायचे म्हणजे खेड्यातल्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. तोच अधिकारी तालुक्याच्या आगारात येऊन बसतो ही गोष्ट साधी नाही. आमच्या भागातील तीन गावांच्या वतीने मी या उपक्रमाचा दोन वेळा उपयोग केला. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

आमचे काम वरकरणी अगदी छोटे होते. तालुक्याच्या एका महाविद्यालयाने जूनमध्ये तासिकांची वेळ बदलली आणि शेवटचा तास पाच वाजता सुटू लागला. आमच्या मार्गावरची एसटी मात्र जुन्या वेळेप्रमाणे पावणेपाचला स्थानकातून निघत होती आणि त्यानंतरची फेरी सव्वासातची होती. अकरावी-बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, पण पास हातात असून गाडीची वेळ जुळत नसेल तर त्या मुलींनी एकतर शेवटचा तास सोडायचा, किंवा दोन तास स्थानकात बसायचे, किंवा पैसे देऊन वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपमध्ये दाटीवाटीने घरी यायचे. यांपैकी दोन मुलींच्या घरी त्यांचे शिक्षण थांबवण्याचे बोलणे सुरू झाले होते, आणि त्यामुळेच ही अर्ध्या तासाची बाब आम्हाला फार मोठी वाटत होती.

पहिल्या वेळी आम्ही ग्रामसभेचा ठराव घेऊन गेलो. ठरावात एकच वाक्य होते, ‘सायंकाळच्या गाडीची वेळ बदलावी’. किती विद्यार्थी, कोणत्या वेळी, कोणत्या थांब्यावरून, याचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. आमच्या अर्जाची नोंद झाली आणि पोचही मिळाली. त्यानंतर वाहतूक शाखेतील एका कर्मचाऱ्याने त्या गाडीच्या दिवसभराच्या कामाचा तक्ता आमच्यापुढे ठेवून फेऱ्या एकामागून एक समजावून सांगितल्या. मला या उपक्रमात सर्वांत मोलाची वाटली ती ही दहा मिनिटे.

पावणेपाचची गाडी आमच्या गावावरून पुढे शेवटच्या गावाला पोहोचते, तिथून शेतावरच्या मजूर बायकांना घेऊन परत तालुक्याला येते आणि सात वाजता तीच गाडी दुसऱ्या रस्त्यावरच्या एका गावी मुक्कामी जाते. ती अर्धा तास उशिरा सोडली, तर बायकांना अंधारात उतरावे लागते आणि मुक्कामाच्या गावची गाडी चुकते. चालक-वाहकांच्या कामाचे तास कायद्याने ठरलेले असल्यामुळे कामगिरी पाहिजे तेवढी लांबवताही येत नाही. आम्ही ठराव केला तेव्हा त्या मजूर बायकांचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता, आणि मुक्कामाच्या गावाचे तर नावही आमच्या बोलण्यात नव्हते. गाडी आमच्या गावातून जाते म्हणून ती आमची, असे आम्ही धरून चाललो होतो.

त्या दिवशी आमचे काम झाले नाही, तरीही आम्ही रिकाम्या हाताने परतलो असे मी म्हणणार नाही. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही मार्गावरच्या दोन्ही गावांत आणि मुक्कामाच्या गावी जाऊन बसलो. मजूर बायकांशी बोलल्यावर कळले की त्यांना गाडीपेक्षा थांब्याची अडचण जास्त होती, कारण वस्तीच्या फाट्यावर विनंती थांबा नसल्यामुळे त्यांना पुढे उतरून अंधारात मागे चालत यावे लागत असे. फाट्यावर गाडी थांबणार असेल तर वीस-पंचवीस मिनिटांचा उशीर त्यांना चालणार होता. मुक्कामाच्या गावाने सातऐवजी सव्वासातला संमती दिली, मात्र थंडीच्या दिवसांत त्याहून उशीर होऊ नये असे ठरावात लिहून घेतले. महाविद्यालयाकडून आम्ही थांब्यानुसार विद्यार्थ्यांची यादी घेतली. दुसऱ्या खेपेस चार ठराव, एक यादी आणि पाच वाजून पाच मिनिटे ही नेमकी वेळ असे सगळे बरोबर होते. वेळेतील बदल महिनाभरात लागू झाला. फाट्याच्या विनंती थांब्याचा अर्ज अजून विचाराधीन आहे, आणि तोपर्यंत बायकांची अडचण कायम आहे हे येथे नमूद केलेच पाहिजे.

या अनुभवानंतर माझे मत असे झाले की उपक्रम उपयुक्त आहे, परंतु त्याची घडण तक्रार निवारणाची आहे, वाहतूक नियोजनाची नाही. अर्ज एका माणसाचा किंवा एका गावाचा असतो आणि फेरी मात्र पाच-सहा गावांची असते. रांगेत आमच्या मागे उभे असलेले गृहस्थ आमच्याच मार्गावरच्या वेगळ्या फेरीबद्दल बोलायला आले होते, हे आम्हाला बाहेर चहा घेताना समजले. तक्रार म्हणून पाहिले तर दोन अर्ज वेगळे होते, पण नियोजनाच्या दृष्टीने तो एकच प्रश्न होता. ज्या मार्गावरून अनेक अर्ज आले आहेत त्या मार्गावरच्या सर्व गावांच्या सरपंचांना, शाळांना आणि नियमित प्रवाशांना एकाच वेळी बोलावून गाडीचा तक्ता मध्ये ठेवून चर्चा केली, तर जे आम्हाला तीन आठवडे पायपीट करून जमवावे लागले ते एका दुपारी होऊ शकेल. त्यासाठी नव्या गाड्या लागत नाहीत आणि नवा कायदाही लागत नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडे सांगतो, कारण यात प्रवाशांसाठी काही तरतुदी आहेत आणि त्या फारशा कोणाला माहीत नसतात. मार्ग परिवहन महामंडळे अधिनियम, १९५० याच्या कलम १८ नुसार कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि योग्य रीतीने समन्वय साधलेली सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये राज्य शासनाला महामंडळासाठी सल्लागार परिषदा नेमण्याची मुभा दिलेली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या सहाव्या प्रकरणात, एखाद्या क्षेत्रात किंवा मार्गावर राज्य परिवहन उपक्रमाने सेवा चालवण्याची योजना राजपत्रात आणि प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करून तीस दिवसांत हरकती घेण्याची पद्धत घालून दिली आहे. म्हणजे गाडी कोणी चालवावी याविषयी हरकत घेण्याची सोय कायद्याने केली आहे, पण खेड्यातल्या माणसाचे रोजचे आयुष्य ज्यावर चालते ती गोष्ट म्हणजे गाडी किती वाजता निघावी, आणि तिथे त्याचे म्हणणे ऐकण्यासाठी अशी ठरलेली वाट दिसत नाही. प्रवासी राजा दिन ही पोकळी काही अंशी भरून काढतो, म्हणून तो बंद पडू नये असे मला मनापासून वाटते.

तालुक्याच्या पातळीवर याला आणखी एक जागा आहे. पंचायत समितीची आमसभा आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते आणि तिथे इतर खात्यांबरोबर एसटीच्या अधिकाऱ्यांनाही उत्तरे द्यावी लागतात. आमसभेत बोललेले सर्वांच्या कानावर जाते आणि वर्तमानपत्रात येते, हा तिचा फायदा. मात्र पाणी, वीज, रस्ते आणि घरकुल यांच्या गर्दीत एसटीच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात आणि तेवढ्या वेळात ‘गाडी सोडा’ यापलीकडे काही बोलता येत नाही. आगारातल्या दिवशी निवांतपणे कागद पाहता येतात. म्हणून ज्यांचा प्रश्न वेळेचा, थांब्याचा किंवा मार्ग वाढवण्याचा आहे त्यांनी आगाराची वाट धरावी. ज्यांच्या गावची फेरी पूर्णपणे बंद आहे त्यांनी मात्र दोन्हीकडे जावे, कारण २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या संपाच्या काळात अनेक मार्गांवर वडापने जम बसवला आहे, आणि प्रवासी एकदा तुटले की भारमान, म्हणजे गाडीतील भरलेल्या जागांचे प्रमाण, कमी दिसते व भारमान कमी म्हणून फेरी सुरू करणे अवघड होते. हे चक्र एका अर्जाने थांबत नाही.

आता वेळेविषयी. राज्यात ३१ विभाग आणि २५१ आगारे आहेत, म्हणजे सरासरीने एका विभागाकडे आठ आगारे येतात. आठवड्याला दोन याप्रमाणे पाहिले तर एका आगाराची पाळी साधारण महिन्यातून एकदा येते, आणि हे अंतर योग्य आहे असे मी म्हणेन. अडचण वाराची आहे. सोमवार आणि शुक्रवार ठरलेले असल्यामुळे ज्या तालुक्याचा बाजार मंगळवारी किंवा गुरुवारी भरतो तिथल्या माणसाला आगारासाठी वेगळी खेप करावी लागते. बाजाराच्या दिवशी सगळी वाडी-वस्ती तालुक्याला आलेलीच असते, त्यामुळे एखाद्या आगारासाठी वार बदलण्याची मोकळीक विभाग नियंत्रकांना मिळाली, तर जे लोक आज तिथे दिसत नाहीत ते दिसू लागतील. आम्ही गेलो त्या दोन्ही दिवशी आलेल्यांत पुरुष, निवृत्त शिक्षक आणि गावचे पुढारी अधिक होते. एसटीच्या प्रवासात निम्मी सवलत देणारी महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून सुरू आहे आणि खेड्यांच्या मार्गांवर गाडीत बायकांची संख्या डोळ्यांना दिसण्याइतकी वाढली आहे. ज्या गाडीत बसतात त्यांनीच आगारात यायला हवे, आणि सकाळी दहा ते दोन हा नेमका शेतातल्या कामाचा वेळ आहे.

महामंडळाने लोकांपर्यंत स्वतः जाण्याची रीत अनोळखी नाही. जून २०२४ मध्ये विद्यार्थ्यांचे पास थेट शाळेत जाऊन देण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा खिडकीपुढच्या रांगा टळल्या आणि मुलांचे तास वाचले. त्याच धर्तीवर मे महिन्यात, शाळा-महाविद्यालयांच्या नव्या वर्षाच्या वेळा ठरत असतानाच, आगाराने त्यांच्याकडून वेळा आणि थांब्यानुसार विद्यार्थीसंख्या मागवून घ्यावी. मानव विकास कार्यक्रमातील १२५ तालुक्यांत मुलींसाठी ज्या निळ्या गाड्या धावतात त्यांचे मार्ग शाळेभोवती आखले गेले आहेत, त्यामुळे शाळेची वेळ आधी विचारून मग गाडी आखणे ही गोष्ट एसटीला नवी नाही. आमच्या बाबतीत महाविद्यालयाने बदललेली वेळ आगाराला कोणी कळवली नव्हती, आगाराने विचारायचे की महाविद्यालयाने सांगायचे हे कोठे लिहिलेले नव्हते, आणि त्या अवधीत मुलींचा अख्खा पावसाळा गेला. हा दोष कोणा एकाच्या माथी मारण्यात मला स्वारस्य नाही, पण पुढच्या वर्षी तो पुन्हा घडू नये याची व्यवस्था हवी.

अर्जावर काय निर्णय झाला हे कारणांसह लेखी कळणे, तेही ठरावीक दिवसांच्या आत, ही माझी सर्वांत आग्रहाची मागणी आहे. होकार आला तर गाडीच दिसते, पण नकार आला तर त्याचे कारण गावाला समजले पाहिजे, म्हणजे ग्रामसभेत ते वाचून दाखवता येते आणि दुसरा मार्ग शोधता येतो. आम्हाला तक्ता दाखवून कारण समजावणारा कर्मचारी भेटला. प्रत्येकाला तसा माणूस भेटेलच यावर सेवा अवलंबून राहू नये.

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. आपल्या आगाराची तारीख स्थानकावरील वाहतूक नियंत्रकाकडे आधी विचारून घ्यावी. अर्जात फेरीची सध्याची वेळ, हवी असलेली वेळ, थांबे आणि प्रवाशांची संख्या लिहावी, आणि ती संख्या किमान एक आठवडा थांब्यावर उभे राहून मोजलेली असावी, अंदाजाने लिहू नये. ठराव २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घेता आला तर उपस्थिती चांगली असते. पण त्याआधी त्याच गाडीवर अवलंबून असलेल्या पुढच्या आणि मागच्या गावांशी बोलून घ्यावे, आणि त्यांचे म्हणणे आपल्या विरोधात असले तरी ते अर्जात लिहावे. आम्ही दुसऱ्या अर्जात मजूर बायकांचे म्हणणे आमच्या मागणीच्या वर लिहिले होते. येत्या १ मेच्या ग्रामसभेत फाट्याच्या थांब्याचा विषय चारही गावे पुन्हा घेणार आहेत, आणि या वेळी अर्ज घेऊन आगारात जाण्याचे त्या बायकांपैकी दोघींनी कबूल केले आहे.