मर्सिडीज डब्ल्यू१२४ : पत्रा, रबर आणि वायर

१९८४च्या अखेरीस आलेली मर्सिडीजची डब्ल्यू१२४ मालिका ही घरी, स्वतःच्या हाताने सांभाळता येईल अशी बहुधा शेवटची मोठी आलिशान गाडी. बॉनेट दुसऱ्या टप्प्यात सरळ ९० अंशांत उभं राहतं, त्यामुळे इंजिनवर दोन्ही बाजूंनी ओणवून काम करता येतं. बहुतेक बोल्ट १०, १३, १७ आणि १९ च्या पान्याने निघतात. जे सुटं व्हायला हवं ते बोल्टने बसवलेलं आहे, चिकटवलेलं नाही. म्हणून चाळीशीकडे निघालेली ही गाडी आजही घ्यावी असं आमचं ठाम मत आहे. मात्र तिची परीक्षा मीटरवरच्या किलोमीटरवर करू नये. नीट जपलेलं इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा आधी दगा देत नाहीत. आधी सडतो तो पत्रा, कडक होतं ते रबर, आणि काही वर्षांच्या गाड्यांत भुगा होते ती वायर.

पत्र्यापासून सुरुवात करा, कारण यातला हाच भाग घरी करणं खरोखर अवघड आहे. १९८९च्या फेरबदलानंतर दारांच्या खालच्या भागावर प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या आल्या. दिसायला छान, पण मागचा गंज त्या झाकून ठेवतात. चारही जॅक पॉइंटची रबरी बुचं काढून आत टॉर्च मारा. कडेचा पत्रा पेचकसाने दाबून पाहा. पेचकस रुतला तर तिथे वेल्डिंग लागणार हे धरून चला, आणि अशा ठिकाणी जॅक लावू नका. मग बॅटरीचा ट्रे, पुढच्या मडगार्डची खालची टोकं, मागच्या काचेचे खालचे कोपरे आणि मागच्या स्प्रिंगची बैठक पाहा. वायपरखालच्या खोलगट भागात पाला साचला की पाण्याच्या वाटा बुजतात, पाणी ब्लोअरकडे आणि पायाखालच्या गालिच्याकडे उतरतं. गालिचा उचलून हात लावा. खाली ओल असेल तर फरशीचा पत्रा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. चकचकीत रंगाची गंजकी गाडी आणि विटक्या रंगाची कोरडी गाडी यांतून निवड करायची असेल तर विटकी घ्या.

आता वायर. साधारण १९९२ ते १९९५ दरम्यानच्या गाड्यांच्या इंजिन वायरिंगला असं आवरण वापरलं गेलं की ते इंजिनच्या उष्णतेने वाळतं, तडकतं आणि गळून पडतं. एम१०४ हे सहा सिलिंडरचं, एम१११ हे चार सिलिंडरचं आणि एम११९ हे व्ही८, तिन्ही यात सापडली. लक्षणं फसवी असतात: कधी मिसफायर, कधी आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, गाडी थरथरते, कधी पिकअप एकाएकी जातो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. लोक प्लग, कॉइल, सेन्सर बदलत बसतात. तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, इंजेक्टर किंवा कॉइलजवळ वायरिंगचं बाहेरचं काळं वेष्टन दोन इंच मागे सरकवा आणि आतल्या तारांकडे नुसतं पाहा. वाकवू नका. आवरणाचे तुकडे पडत असतील तर टेप गुंडाळून निभावणार नाही. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर इंजिनचा कंट्रोल युनिट जळू शकतो, आणि तो खर्च पूर्ण वायरिंगपेक्षा जड असतो. इंजिनचं संपूर्ण नवं वायरिंग बसवा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाड्यांत त्या थ्रॉटलच्या आतल्या ताराही याच आवरणाच्या असतात. ते विसरलं की अर्धा दोष तसाच राहतो. वायरिंग आधीच बदललेलं असेल तर त्याचा पुरावा मागा, किंवा वायरिंगवरच्या लेबलवरची तारीख वाचा.

ही भानगड नको असेल तर आधीचं एम१०३ घ्या. २.६ आणि ३ लिटरचं हे १२ व्हॉल्व्हचं इंजिन २६०ई आणि ३००ई मध्ये आहे. घरी काम करणाऱ्यासाठी आमची पहिली पसंती हीच. इंधनाची यंत्रणा केई-जेट्रॉनिक आहे. तिचं नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, पण हवा-इंधनाच्या मिक्श्चरचा स्क्रू हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. आयडल वरखाली होत असेल तर आधी आयडल व्हॉल्व्हची रबरी नळी आणि इंजेक्टरच्या रबरी रिंगा पाहा, कारण तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. मग बॅटरीमागचा ओव्हरव्होल्टेज रिले, म्हणजे जादा दाबाच्या विजेपासून वाचवणारा स्विच. त्याच्या माथ्यावर १० अँपियरचा फ्यूज असतो. फ्यूज ठीक असूनही आतले सोल्डरचे डाग तडकलेले असू शकतात. एबीएसचा दिवा आणि बिघडलेलं आयडल एकाच वेळी आलं तर संशय थेट या रिलेवर घ्यावा, कारण दोघांनाही वीज त्याच्यातूनच जाते. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन लगेच थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. सिलिंडर हेड न उतरवता ते बदलता येतात. प्लग रेझिस्टर नसलेलेच घ्या, गॅप ०.८ मिमी. ऑइल, फिल्टर बदलताना, ६ लिटर.

एम१०४ जास्त जोमदार आहे, ऑइल ७.५ लिटर लागतं. त्याची ओळखीची खोड म्हणजे हेड गॅस्केटच्या मागच्या कोपऱ्यातून बाहेर झिरपणारं तेल. पुढच्या टायमिंग कव्हरच्या वरच्या सीलमधूनही तेल येतं, आणि ते खाली ओघळल्यामुळे लोक खालचे सील बदलतात. आधी इंजिन धुवा, शंभरेक किलोमीटर चालवा, मग वरून खाली शोधा. नुसतं झिरपत असेल आणि कूलंट स्वच्छ असेल तर घाई नाही. हेड उतरवायची वेळ आलीच तर जुन्या हेड बोल्टची लांबी मोजा. ताणलेला बोल्ट पुन्हा वापरू नये.

कूलिंगचं काम गाडी घेतल्या आठवड्यातच करा. रेडिएटरचं वरच्या होज पाइपचं प्लास्टिकचं तोंड वयाने ठिसूळ होतं आणि चालत्या गाडीत तुटतं. ती वेळ आली की गरम पाणी तर जातंच, पाठोपाठ ॲल्युमिनियमचं हेडही वाकतं. आत धातूची रिंग असलेला रेडिएटर बसवा. थर्मोस्टॅट ८७ अंशांचा. यंत्रणेत गाळ असेल तर रेडिएटरचं आणि इंजिन ब्लॉकचं असे दोन्ही ड्रेन उघडा, साध्या पाण्याने धुवा, मग १० टक्के सायट्रिक ॲसिडचं द्रावण भरून हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन ८० अंशांपर्यंत आणा आणि १५ मिनिटं चालू ठेवा. निथळून, पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा धुवा. नुसता रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमधलं जुनं पाणी तसंच राहतं आणि नव्या कूलंटचं प्रमाण बिघडतं. मिश्रण निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी.

रबराचं काम सगळ्यात जास्त, आणि गाडीची जुनी चाल परत येते ती याच कामाने. ऑटोमॅटिक गाडी डी गिअरमध्ये उभी असताना स्टिअरिंग थरथरलं तर इंजिनला दोष देण्याआधी इंजिन माउंट पाहा. आतलं तेल गेलं की ते बसतात. गाडी जागेवरून निघताना धक्का आणि ठराविक वेगाला गुरगुर असेल तर मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या रबरी चकत्या आणि मधलं बेअरिंग. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर खूण करा, नाहीतर जोडताना समतोल जातो. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्या आहेत. त्यांचे रबरी बुश बदलल्यावर बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका. आधी हाताने बसवा, गाडीचं वजन चाकांवर आणा, मग टॉर्क द्या. हवेत आवळलेला बुश गाडी खाली आल्याबरोबर पिळला जातो आणि लवकर फाटतो. पुढच्या आर्मचे आतले बोल्ट मध्य सोडून फिरणारे (एक्सेंट्रिक) आहेत, म्हणजे अलाइनमेंट त्यांच्यावरच ठरतं. खूण न करता सोडवले तर टायर खातात. स्टिअरिंगला ढिलाई वाटली की आधी आयडलर आर्मचा स्वस्त बुश आणि स्टिअरिंग डँपर बदला. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडा. जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही.

एक गोष्ट जपूनच करा. पुढचा स्प्रिंग शॉकॲबसॉर्बरवर नाही, खालच्या आर्मवर वेगळा बसतो. चाक लटकत असताना शॉकॲबसॉर्बर सोडला तर आर्मला रोखणारं काही उरत नाही आणि दाबलेला स्प्रिंग सुटतो. आर्मखाली जॅक लावूनच तो सोडवा. स्प्रिंग काढायला आतून धरणारा, दोन तबकड्यांचा कंप्रेसर लागतो. बाहेरून आकड्यांनी धरणारे साधे कंप्रेसर इथे चालत नाहीत. ते हत्यार मिळत नसेल तर हे काम बाहेर द्या.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बहुतेक गाड्यांत चार गिअरचा, त्याचं तेल घरी पूर्ण बदलता येतं. खालच्या तेलाच्या चेंबरला ड्रेन आहेच, टॉर्क कन्व्हर्टरलाही आहे, ५ मिमी ॲलनचा. क्रँकचा २७ चा बोल्ट फिरवत राहिलं की तो खालच्या खिडकीत येतो. चेंबरचे बोल्ट फक्त ८ न्यूटन मीटर. हाताच्या अंदाजाने आवळून लोक आटे घालवतात. आधी ४ लिटर भरा, इंजिन चालू करा, मग बाकीचं. ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर फिरवा आणि पातळी गरम, चालू इंजिनवर पाहा. गिअर धक्क्याने पडत असतील तर गिअर पडण्याचा जोर ठरवणाऱ्या मॉड्युलेटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून बघा. नळीत लाल तेल दिसलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय.

डिझेल इंजिनं दणकट आहेत, पण व्हॅक्यूम पंप वेळेत बदला. त्याचं बेअरिंग फुटलं तर गोळ्या टायमिंग चेनमध्ये जातात. किल्ली काढूनही डिझेल बंद होत नसेल तर आधी इंजेक्शन पंपात बिघाड शोधू नका. इंजिन व्हॅक्यूमने बंद होतं, त्यामुळे दोष व्हॅक्यूमच्या गळक्या नळीतही असू शकतो. स्टेशन वॅगन घेत असाल तर मागे नायट्रोजनचे दोन गोळे आहेत. मागचा भाग दगडासारखा उसळत असेल तर ते संपले.

एकच वायपर आत-बाहेर सरकत काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. वर्षातून एकदा त्याची यंत्रणा उघडून जुनं ग्रीस काढा, नवं लावा, नाहीतर मोटरवर ताण येतो. आणि स्टार्टरची किल्ली फिरवताना अडखळू लागली की त्याच आठवड्यात नवा लॉक सिलिंडर मागवा. जुना सिलिंडर किल्ली पहिल्या खाचेवर फिरलेली असतानाच बाहेर येतो. किल्ली पूर्ण अडकली तर तो कापून काढावा लागतो, आणि तेव्हा स्टिअरिंगही कुलूपबंद असतं.