ॲलर्जीवाल्या बाळासाठी घेतलेल्या दोन वस्तू: एक डबा, एक पाकिटं

वास घाण आहे, हे आधीच सांगून टाकते. एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युलाचा डबा पहिल्यांदा उघडला की वाटतं हा खराब होऊन आलाय, परत पाठवायला हवा. पाठवू नका, तो तसाच असतो. गायीच्या दुधातली केसिन आणि व्हे ही प्रोटीन्स एन्झाइम वापरून इतकी बारीक तोडलेली असतात की बहुतेक ॲलर्जीवाल्या बाळांचं शरीर त्यांना ओळखतच नाही, आणि ते बारीक तुकडे चवीला कडू लागतात. मी चमचाभर चाखून बघितलं, अर्धा दिवस तोंड कडू होतं.

आमच्या बाळाला उशिरा रिॲक्शन येणारी दुधाची ॲलर्जी आहे. शीमध्ये शेंबडासारखं चिकट आणि रक्ताच्या रेषा, पिताना मधेच अंग ताठ करून मागे फेकायचं, गालांवर आणि कोपरांत एक्झिमा (कोरडी, लाल, खाजणारी त्वचा). आधी लॅक्टोज-फ्री डबा घेऊन बघा असं चारचौघांनी सांगितलं, पण लॅक्टोज ही दुधातली साखर आहे आणि इथे भांडण प्रोटीनशी आहे, त्यामुळे त्याचा काही उपयोग नसतो. एचए (हायपोॲलर्जेनिक) किंवा कम्फर्ट लिहिलेले डबेही यासाठी नाहीत, त्यात प्रोटीन अर्धवटच तोडलेलं असतं. आणि "अगं, बकरीचं देऊन बघ की, हलकं असतं" हे तर प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, पण बकरी, मेंढी, म्हैस यांच्या दुधातली प्रोटीन्स गायीच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना त्यांचाही तसाच त्रास होतो. सोयाचा फॉर्म्युला ६ महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत.

आता मुद्द्याचं, डबा चालला का? चालला. डॉक्टरांनी २ ते ४ आठवडे धीर धरा म्हणून सांगितलं होतं ते बरं झालं, नाहीतर मी मधेच सोडून दिला असता. रडणं आधी कमी झालं, मग रक्त थांबलं, एक्झिमा सगळ्यात शेवटी उतरला आणि तोही मलम चालू ठेवूनच. शी हिरवीगार होते, त्याने घाबरू नका, या फॉर्म्युलावर ती तशीच असते. सगळं शांत झाल्यावर डॉक्टरांनी जुनं दूध थोडं थोडं परत द्यायला सांगितलं, मला ते अजिबात पटलं नव्हतं, चांगलं चाललंय तर कशाला छेडायचं, पण त्रास परत आला तेव्हा दुधामुळेच होत होतं हे पक्कं झालं, नाहीतर उगाच महिनोन्‌महिने महागडा डबा चालू राहतो. हा प्रयोग फक्त उशिरा येणाऱ्या, सौम्य त्रासासाठी. ज्या बाळाला दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासाला त्रास होतो, त्याच्यावर घरी काहीही करून बघायचं नाही.

हा फॉर्म्युला साधारण ९० टक्के बाळांना चालतो, उरलेल्यांना अमिनो ॲसिडवाला, म्हणजे प्रोटीनऐवजी त्याचे सुटे घटकच असलेला, लागतो, तो डॉक्टरच ठरवतात. आई अंगावर पाजत असेल तर डब्याची गरज असतेच असं नाही, आईने स्वतःच्या जेवणातून दूध-दही-लोणी-चीज काढायचं आणि कॅल्शियम, व्हिटॅमिन डी डॉक्टरांना विचारून चालू करायचं.

चवीचं बोलायचं तर तीन-चार महिन्यांच्या आतली बाळं मुकाट पितात, त्यानंतरची तोंड फिरवतात. आमचं फिरवणाऱ्यातलं. डॉक्टरांना विचारून आम्ही जुन्या दुधात थोडा थोडा मिसळत प्रमाण वाढवत नेलं (लगेच रिॲक्शन येणाऱ्या बाळाला हे चालत नाही हं), आणि खरा फरक पडला तो झाकणवाल्या कपाने. उघड्या कपात नाकाला वास जायचा आणि हात आडवा यायचा, झाकणातून तेच दूध गटागटा.

दुसरी वस्तू म्हणजे ते ॲलर्जन मिक्स. छोटी पाकिटं, एकाच पावडरमध्ये अंडं, शेंगदाणा, तीळ, बदाम-काजू, गहू असं सगळं, रोज खिमटीत मिसळा म्हणे. कल्पना वाईट नाही. एक्झिमावाल्या बाळाला बाकीच्या ॲलर्जींचा धोका जास्त असतो आणि उशीर करून तो कमी होत नाही हे आता माहिती आहे. २०१५ साली आलेल्या लीप अभ्यासात जास्त धोक्याच्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला, आठवड्याला निदान ६ ग्रॅम प्रोटीन पोटात जाईल असा, आणि पाचव्या वर्षी त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी, शेंगदाणा न दिलेल्या बाळांच्या तुलनेत, सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली.

पण पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली तर घटकांमध्ये दुधाची पावडर! पुढच्या बाजूला हसरं बाळ, मागे दूध. आमच्यासाठी तिथेच संपलं. ज्यांच्या बाळाला दूध चालतं त्यांनाही मी सांगेन की सगळं एकत्र पहिल्यांदा दिलं आणि अंगावर गांधी उठल्या तर कशाने उठल्या ते कोण सांगणार? शिवाय कित्येक मिक्समध्ये एकेका पदार्थाचं प्रमाण चिमूटभरच असतं.

मग आम्ही डॉक्टरांना दाखवून (एक्झिमा जास्त असेल तर आधी टेस्ट लागू शकते) सरळ खरे पदार्थ दिले. गुळगुळीत पीनट बटर, कोमट पाण्यात पातळ करून, पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर जेमतेम. अंडं पूर्ण उकडून कुस्करलेलं. एका वेळी एकच नवीन, तेही सकाळी, बाळ ठणठणीत असताना, म्हणजे पुढचे दोन तास डोळ्यांसमोर राहतं, झोपायच्या आधी तर नाहीच. टोमॅटोसारखं आंबट लागून तोंडाभोवती नुसतं लाल होतं ते वेगळं, आधी पेट्रोलियम जेली लावली की होत नाही. आणि एकदा चाललं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहायचं, इथेच सगळे ढिले पडतात. अख्खे दाणे, बदाम वगैरे पाच वर्षांपर्यंत नाहीत, घशात अडकतात.

पाकिटांना एक स्टार, डब्याला चार. एक कापला तो चमच्यासाठी. तो पावडरीत तळाशी पुरलेला असतो, पहाटे रडणारं बाळ कडेवर घेऊन शोधायला लागतो, आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं म्हणून जुन्या डब्यातला वापरता येत नाही. पाणी किती गरम ते पण डब्यावरचंच बघा, प्रोबायोटिकवाल्यांची (चांगले जिवंत जिवाणू घातलेल्या डब्यांची) सूचना वेगळी असते. उघडल्यावर महिनाभरात संपवायचा असतो, झाकणावर तारीख लिहून ठेवा.