999 रुपयांत तीन लेगिंग आणि बूट फुकट : वॉकिंगच्या कपड्यांत पैसे कुठे कुठे जातात

जाहिरात साधारण अशी असते. एक तरुणी पळते आहे, पण कॅमेरा गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच. चेहरा कापलेला. खाली ओळ: ‘गोदाम बंद करत आहोत, तीन लेगिंग, एक स्पोर्ट्स ब्रा आणि वॉकिंग शूज, सगळं मिळून 999, फक्त आज.’ चेहरा कापायचं कारण साधं आहे. चित्रफीत दुसऱ्याच कंपनीची उचललेली असते आणि मॉडेल ओळखू आली तर मूळ वस्तू चार पट किमतीला दिसते. स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या अॅपला, दिला की बहुतेक वेळा मूळ पान सापडतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ‘फक्त आज’ या दोन शब्दांमुळे ते राहून जातं.

अशा जाहिरातींना फसणाऱ्या बायका भोळ्या असतात असं मुळीच नाही. बँकेत, शाळेत, दवाखान्यात काम करणाऱ्या, रोज चार व्यवहार मोबाइलवर करणाऱ्या बायका यात अडकतात. दुकानात गेलं तर काउंटरवर पुरुष, त्याला छातीचं माप सांगायचं, ट्रायल रूम नाही, आणि बरी स्पोर्ट्स ब्रा हजाराच्या आसपास. मोबाइलवरची खरेदी सोयीची वाटणारच. फसवणाऱ्याला ही अडचण नेमकी ठाऊक असते.

पैसे भरायच्या पानावर पहिला डाव असतो. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ दिसते, पण तिच्यावर शंभर रुपये जादा, आणि आत्ता यूपीआयने भरले तर दहा टक्के सूट. यूपीआयने अनोळखी खात्यात गेलेले पैसे परत मिळवणं फार कठीण. क्रेडिट कार्डावर निदान बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. भरण्याआधी पानाच्या तळाशी जाऊन पाहावं. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यायलाच हवं. तिथे फक्त व्हॉट्सअॅप नंबर असेल तर विषय संपला. जीएसटी क्रमांक दिलेला असेल तर तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून शोधावा. पंधरा अंकाक्षरं, त्यातले पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुष्कळदा नाव भलत्याच धंद्याचं निघतं, कुणा हार्डवेअरवाल्याचा क्रमांक चिकटवलेला असतो.

पार्सल येतं. कॅश ऑन डिलिव्हरी असली तरी बहुतेक कुरिअरवाले पैसे दिल्याशिवाय फोडू देत नाहीत, त्यामुळे पैसे देताना आत काय आहे ते कळत नाही. म्हणून पाकीट फोडण्याआधीच चित्रीकरण सुरू करावं: आधी चारही बाजूंनी बंद पाकीट, मग पत्त्याचं लेबल वाचता येईल इतक्या जवळून, मग फोडणं आणि वस्तू बाहेर काढणं, सगळं एका सलग चित्रफितीत. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेली चित्रफीत विक्रेते हमखास नाकारतात.

आता कापड, कारण खरी लबाडी इथे आहे आणि ती घरच्या घरी पकडता येते.

लेगिंग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. कापडाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. व्यायामाची लेगिंग साधारण 220 ते 280 जीएसएमची असते. मध्यम मापाच्या, घोट्यापर्यंतच्या लेगिंगला पाऊण चौरस मीटरच्या आसपास कापड लागतं, तेव्हा ती साधारण 165 ते 210 ग्रॅम भरायला हवी. काटा 110-120 वर थांबला तर ती कुर्त्याखाली घालायची पातळ लेगिंग आहे, नुसतं नाव बदललेलं. मग ती मुठीवर ताणून खिडकीसमोर धरा. काळा रंग पांढरट पडला आणि बोटांच्या रेषा दिसल्या तर खाली वाकल्यावर आतलं सगळं दिसणार. जाहिरातीतली ‘स्क्वॉट प्रूफ’, म्हणजे उठाबशा काढतानाही आरपार दिसणार नाही, ही पाटी यापुढे टिकत नाही.

ताण परत येतो का तेही बघायचं. पट्टीने दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा, कापड पंधरापर्यंत ओढा, मिनिटभर धरून सोडा. चांगलं कापड जवळपास दहावर परत येतं. साडेदहा-अकरावरच राहिलं तर चार धुण्यांत गुडघ्याला फुगे येणार आणि चालताना कंबर खाली घसरणार. स्पॅन्डेक्स, म्हणजे आपण ज्याला सरसकट लायक्रा म्हणतो ते, नायलॉनच्या चांगल्या लेगिंगमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास असतं. स्वस्तात ते नावापुरतं घालतात, कारण तेच महाग असतं.

‘शंभर टक्के कॉटन’ म्हणून विकलेलं खरं की खोटं, हे जाळून कळतं, पण धागा कुठला घ्यायचा यात गफलत होते. शिवणीचा दोरा घेऊ नका. सुती कपड्याचीसुद्धा शिवण बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते. आतल्या दुमडीतून कापडाचाच धागा ओढा, चिमट्यात धरून मोरीच्या वर पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो, राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर आणि नायलॉन आक्रसतात, वितळतात, टोकाला कडक मणी उरतो. ताणणाऱ्या कपड्याला मुळात शंभर टक्के कॉटन म्हणणंच संशयास्पद; त्यात बहुधा थोडं तरी लायक्रा असतंच.

कॉटन म्हणजे चांगलं आणि बाकी सगळं वाईट, असंही नाही. पुण्या-नगरच्या कोरड्या हवेत अर्धा तास फिरायला कॉटन-लायक्रा उत्तम. मुंबईत, कोकणात, गोव्यात तेच घामाने ओलं राहतं, मांड्यांच्या आतल्या बाजूला घासतं आणि चट्टे उठतात. तिथे घाम पसरवून सुकवणारं कापड बरं. तसं ते आहे का, हे पाण्याच्या एका थेंबाने कळतं. आतल्या बाजूवर थेंब टाका. काही सेकंदांत तो पसरून मोठा डाग झाला तर ठीक, मोत्यासारखा टिकून राहिला तर ‘ड्राय’ हा शब्द लेबलावरच आहे. पावसाळ्यात सिंहगडावर जाणाऱ्या बायकांना हा फरक वाटेतच कळतो.

शिवणीकडेही बघा. दोन्ही पाय जुळतात तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा हवा. तो नसेल तर चार शिवणी एका बिंदूत येतात आणि पाऊल लांब टाकताना तिथेच उसवतं, त्याआधी टोचतं. आतली शिवण चपटी असावी. धागे सुटू नयेत म्हणून मशीनवर गुंडाळून शिवलेली, उभी राहिलेली ओव्हरलॉकची कड तासाभराच्या चालण्यात कातडी सोलते. ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासून रंग सुटतो का पाहणं हे तर सांगायलाही नको.

‘एक्स्पोर्ट सरप्लस’ची गोष्ट वेगळी. तिरुपूरसारख्या निटवेअरच्या गावांतून खरोखर उरलेला माल बाजारात येतो, त्याचं लेबल कापलेलं किंवा खोडलेलं असतं, आणि त्यात चांगल्या वस्तू सापडतातही. पण त्याच ढिगात नापास माल असतो: एक पाय दीड सेंटिमीटर लांब, सुईची भोकं, कमरेचं इलॅस्टिक पिळलेलं. हातात घेऊन निवडता येत असेल तरच सरप्लस घ्यावं. फोटो पाहून सरप्लस मागवणं म्हणजे लॉटरीच.

स्पोर्ट्स ब्रामध्ये ‘फ्री साइज, 28 ते 36’ लिहिलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही. आधाराचं मुख्य काम छातीखालची पट्टी करते, खांद्यावरचे पट्टे नव्हे. आणि आठ इंचांच्या फरकाला एकच पट्टी आधार देऊ शकत नाही. माप दोन ठिकाणी घ्यायचं, छातीच्या लगेच खाली घट्ट आणि सर्वांत भरलेल्या भागावर सैलसर. घातल्यावर पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जावीत, हात वर केले तरी ती वर सरकू नये, जागेवर दहा उड्या मारून पाहाव्यात. यातला नेहमीचा डाव असा की विक्रेता ही वस्तू ‘अंतर्वस्त्र, परत घेतलं जाणार नाही’ या सदरात टाकतो. मापात बसली नाही म्हणून परत देताना ते चालून जातं. पण वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी असेल तर त्याच 2020 च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीत ‘बसत नाही’ असं लिहू नका. ‘वर्णनात 80 टक्के नायलॉन होतं, लेबलावर 100 टक्के पॉलिएस्टर आहे’ असं लिहा.

बुटांत तीन प्रकार चालतात. नावाजलेल्या कंपनीची ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे हुबेहूब नक्कल, पुरुषांचाच लहान नंबर गुलाबी रंगात, आणि ‘मेमरी फोम’. फर्स्ट कॉपी ओळखायला बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल वाचा. त्यावरचा मॉडेल कोड खोक्यावरच्या कोडशी जुळला पाहिजे, आणि तो शोधल्यावर तेच मॉडेल, तोच रंग दिसला पाहिजे. पुरुषांच्या साच्यावरचा बूट टाचेला सैल असतो, चालताना टाच वर निसटते. नाडी आवळली की वरून पाय दुखतो आणि टाच तरीही निसटतेच. फोम तपासायला आतली गादी उचला. वर तीन मिलिमीटर मऊ फोम आणि खाली पुठ्ठा किंवा पोकळ कप्पे दिसले तर दुकानात जाणवलेला मऊपणा काही दिवसांचाच. बूट वाकवून पाहा, तो बोटांच्या मुळाशी वाकावा. मधोमध घडी पडत असेल तर तळव्याच्या कमानीला आधार नाही. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबला तर सहज चेपू नये. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून पाहा. चिन्ह छापायला पैसे लागत नाहीत, क्रमांक मात्र दुसऱ्याच कारखान्याचा निघू शकतो.

नुसतं घालून फिरलं की मांड्या बारीक होतील असं सांगणारे बूट आणि पोटावर बांधायचे घामाचे पट्टे यांवर फार लिहायला नको. पट्ट्याने काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी, दोन तांबे प्यायल्यावर परत येतं. बुटांचं म्हणाल तर अमेरिकेत याच दाव्यांवरून व्यापार आयोगाच्या कारवाईत रीबॉकने 2011 मध्ये अडीच कोटी डॉलर आणि स्केचर्सने 2012 मध्ये चार कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. इतक्या मोठ्या कंपन्यांना तो दावा सिद्ध करता आला नाही, तो आपल्याकडे बिननावाच्या पाकिटांवर अजून छापला जातो.

इथवर गेले ते हजार रुपये. मोठी रक्कम जाते ती यानंतर, रिफंडच्या वेळी. बाई गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधते आणि वर आलेला नंबर लावते. तो नंबर बहुधा त्याच टोळीचा किंवा दुसऱ्या कुठल्या तरी टोळीचा असतो. समाजमाध्यमावर जाहिरातीखाली तक्रार लिहिली तर समोरून फोन येतो, आवाज अगदी अदबीचा. ‘मॅडम, रिफंड मंजूर आहे, पडताळणीसाठी फक्त पाच रुपये भरा.’ मग एक लिंक, किंवा व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये बसणारं अॅप), किंवा पडदा दिसावा म्हणून एखादं स्क्रीन शेअरिंग अॅप. पाच रुपये भरताना पिन टाकला जातो आणि तो पलीकडे दिसतो. एपीके बसली असेल तर बँकेचे ओटीपीही परस्पर तिकडे जातात. आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी पिन, ओटीपी, क्यूआर, यांतलं काहीही लागत नाही. फोनवर कुणी यातलं काही मागितलं की फोन बंद करायचा, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी.

पैसे गेलेच तर आधी 1930 वर फोन, मग बँक, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 पासूनच्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लगेच लिहून घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाकून एपीके काढा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

वस्तूपुरती तक्रार असेल तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. विक्री मोठ्या बाजारपेठेच्या अॅपवरून झाली असेल तर हा मार्ग बऱ्यापैकी चालतो: तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येतं, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या. मात्र ज्या संकेतस्थळाला पत्ताच नाही त्याच्याविरुद्ध आयोग नोटीस कुठे पाठवणार? त्या पैशांवर पाणी सोडून फक्त सायबर तक्रार नोंदवावी.

अॅपवरून परतीची विनंती मंजूर झाली तरी एक फट उरते. पिकअपवाला येतच नाही आणि नोंद पडते, ‘ग्राहकाने नकार दिला’. दोनदा असं झालं की परतीची मुदत संपते. ती नोंद दिसताच त्याच दिवशी अॅपमध्ये लेखी हरकत घ्या, सोबत त्या वेळचा कॉल लॉग जोडा. माणूस आला तर वस्तू आणि लेबल त्याच्यासमोर दाखवून फोटो काढा आणि पोचपावतीचा संदेश मोबाइलवर आल्याशिवाय पाकीट हातातून सोडू नका.