एमएस्सी फिजिक्स: विद्यापीठाचा विभाग की गावातलं कॉलेज?

पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर ४११ एकरांचा. ऐकायला भारी वाटतं, पण एप्रिलच्या उन्हात गेटपासून विभागापर्यंत तंगडतोड केली की सायकलची किंमत कळते. मात्र याच आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी एनसीआरए ही संस्थाही. खगोलशास्त्राचं वेड असेल तर माझ्या मते विषय इथेच संपला.

गावातल्या संलग्न कॉलेजात वर्ग छोटा. दोन दिवस दांडी मारली की सर घरी फोन करतात! घरचा डबा, खोलीभाडं शून्य. पदवी तीच, विद्यापीठाची. प्रयोगशाळेत मात्र एका ऑसिलोस्कोपभोवती चौघं, त्यातला एक नुसता रीडिंग लिहून घेणारा.

विभागात शिकवणारेच पेपर काढतात, त्यामुळे गाइड घोकून भागत नाही. कोणी मागे लागत नाही. अडलं तर आपणच जाऊन दार वाजवायचं. बुजरी मुलं इथे पहिलं सत्र हरवल्यासारखी काढतात. हॉस्टेल मिळेलच असंही नाही, तेव्हा औंध-खडकीकडच्या कॉट बेसिसचं भाडं आधीच हिशेबात धरा.

बीएडच करायचं पक्कं असेल, तर गावातलं कॉलेज काय वाईट?